तीन मिनिटांचा पोवाडा

मराठी लोकगीतांच्या संकलनाचा इतिहास सांगताना छापील ग्रंथांपासून आरंभ करण्याची प्रथा आहे. एच. ए. अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला आणि तोवर गोंधळ्यांच्या तोंडी असलेली किंवा जुन्या बाडांत पडून राहिलेली रचना अभ्यासकांच्या हाती आली, हे लक्षात घेता ही प्रथा योग्यच म्हणावी लागेल. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा आज महाराष्ट्राला ठाऊक आहे तो मुख्यतः या छपाईमुळे. मात्र पोवाडा ही वाचण्याची नव्हे, उभ्याने गाण्याची रचना आहे; शाहिराची चढती फेक, डफाचा ठेका, तुणतुण्याचा अखंड सूर आणि मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांनी, म्हणजे ध्रुवपदाची ओळ उचलून धरणाऱ्या साथीदारांनी भरलेला जीजीकार यांपैकी काहीही कागदावर उतरले नाही. आवाज टिपणारे साधन हिंदुस्थानात व्यापारी पायावर आले ते या संग्रहानंतर अकरा वर्षांनी, आणि त्यातून तयार झालेल्या तबकड्यांचा इतिहास हा लोकगीतांच्या संकलनाचा दुसरा, काहीसा दुर्लक्षित अध्याय आहे.

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने पाठवलेला फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करीत होता आणि ११ नोव्हेंबर रोजी त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, ही घटना भारतीय संगीताच्या इतिहासात सर्वपरिचित आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत कंपनीचे तंत्रज्ञ मुंबईसह अनेक शहरांतून फिरले आणि मराठी गाणे तबकडीवर येऊ लागले. किर्लोस्कर नाटक मंडळीचा गाजलेला गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीतच निवर्तला होता. त्याच्या आवाजाची कीर्ती मराठी माणसाला केवळ ऐकीव राहिली, ती दीड-दोन वर्षांच्या फरकाने. प्रारंभी मुद्रणाचे मेण जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात जाई आणि तयार तबकड्या जहाजाने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना सुरू झाल्यावर हा फेरा संपला. या व्यापारातील एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. तबकडीचा मुख्य बंधक पदार्थ म्हणजे लाख, पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी आणि प्रामुख्याने छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यात गोळा होणारी. म्हणजे कच्चा माल येथला, गाणे येथले आणि गिऱ्हाईकही येथलेच असताना वस्तू मात्र हॅनोव्हरचा शिक्का घेऊन येत असे.

पोवाड्याच्या दृष्टीने खरी अडचण वेळेची होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे आणि बारा इंचीस चारेक मिनिटांचे गाणे मावत असे. उलट पोवाड्याची मांडणी चौकांची, म्हणजे कडव्यांच्या गटांची, असून एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना शाहीर गद्यात प्रसंग सांगतो, श्रोत्यांना हाताशी धरतो, गावचे नाव गुंफतो आणि रंग भरला तर रात्र सरली तरी थांबत नाही. असा ऐवज तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे गद्य कापणे आले, नमन गाळणे आले आणि लय वाढवणे आले. तबकडीवर पोवाडा आला तो बहुधा ‘भाग पहिला’ आणि ‘भाग दुसरा’ असा दोन बाजूंवर विभागून. त्यामुळे ऐन मोक्याच्या प्रसंगी तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी पुन्हा भरायची आणि मगच पुढची हकिकत ऐकायची, असा क्रम श्रोत्याच्या अंगवळणी पडला. १९२५ पर्यंत जगभर रूढ असलेल्या यांत्रिक मुद्रणात विजेचा ध्वनिग्राहक नव्हता; गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या आवाजाच्या कंपनांनी मेणावर रेघ कोरायची, अशी ती पद्धत होती. तिच्यात खर्जाचे आणि चर्मवाद्यांचे नाद धड उमटत नसत. डफ हा ज्या गायनाचा कणा आहे त्या गायनाचे या पद्धतीत काय होत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. झीलकऱ्यांचा मेळही एका कर्ण्याभोवती दाटीवाटीने उभा करावा लागे. विद्युत मुद्रण आल्यावर ही कोंडी बरीच फुटली, पण तीन मिनिटांची चौकट दीर्घ वादनाची तबकडी रुळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, कायम राहिली.

लावणीला ही चौकट तुलनेने मानवली. विशेषतः बैठकीची लावणी, म्हणजे नृत्यापेक्षा अदाकारीवर आणि एकेका ओळीच्या अर्थच्छटा उलगडण्यावर भर देणारी लावणी, दोन-तीन अंतऱ्यांत आटोपशीर करता येत असे आणि ती गाणाऱ्या स्त्रियांना मोजक्या वेळात रंग भरण्याची सवय होती. पुण्याच्या सुंदराबाई जाधव हे या बाबतीतले ठळक नाव होय. लावणी, ठुमरी, गझल आणि भजन हे सर्व प्रकार सारख्याच सहजतेने हाताळणाऱ्या या गायिकेच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरोघर वाजत होत्या; प्रभातच्या ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटातील आईच्या भूमिकेमुळेही त्या प्रेक्षकांच्या स्मरणात राहिल्या. त्या काळी ध्वनिमुद्रणास तयार होणाऱ्या स्त्रिया बहुतांशी कलावंत घराण्यांतल्या असत आणि ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या कुटुंबांतील स्त्रिया नंतर पुढे आल्या तेव्हा लेबलावर नावापुढे ‘अ‍ॅमॅच्युअर’, म्हणजे हौशी, हा शब्द आवर्जून छापला जाई. गाण्याबद्दल त्या शब्दातून काहीच कळत नाही. समाजाच्या भीतीबद्दल मात्र पुष्कळ कळते.

कंपनीने काय मुद्रित केले याइतकेच काय केले नाही हेही महत्त्वाचे आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांची ओवी हा मराठी लोकगीतांतला बहुधा सर्वांत विशाल प्रकार. परंतु जिच्या गायिकेकडे ग्रामोफोन विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि जिच्या गाण्यास श्रोता नव्हे तर जाते हाच सांगाती होता, ती ओवी व्यापारी तबकडीच्या वाटेला जवळजवळ गेलीच नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या शब्दरूपाने जमवल्या, पुढे १९८० च्या दशकापासून पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या आणि त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. हे काम आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेमार्फत सर्वांना खुले आहे. जुन्या तबकड्यांच्या आधारे मराठी लोकसंगीताचे चित्र रेखाटू पाहणाऱ्याने हा प्रचंड रिकामा भाग आधी नजरेसमोर ठेवला पाहिजे. तसे न केल्यास दुकानात जे विकले गेले तेच लोक गात होते, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ग्रामोफोन कंपनीला स्पर्धक नव्हते असे नाही. ओडियन, बेका, पाथे अशा परदेशी कंपन्या येऊन गेल्या आणि १९३५ मध्ये मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली, जिच्या तबकड्या ‘यंग इंडिया’ या स्वदेशी नावाने सुमारे वीस वर्षे बाजारात होत्या. मोठ्या कंपनीशी करारबद्ध असलेले नामवंत तिला मिळणे कठीण असल्याने तिच्या यादीत नवख्यांना आणि अल्पपरिचितांना जागा मिळाली. संग्राहकांना आज या तबकड्यांचे जे आकर्षण वाटते त्याचे कारण हेच आहे.

१९६० चे दशक सरता सरता ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन भारतात संपुष्टात आले आणि नंतरच्या कॅसेटने चावीच्या ग्रामोफोनला माळ्यावर धाडले. मुंबईतील चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि गावोगावचे भंगारवाले येथे ‘कुत्रा छाप’ रेकॉर्डी ढिगाने येऊ लागल्या. त्या ढिगांतून निवड करणारे लोक प्रायः कारकून, शिक्षक, अभियंते, निवृत्त नोकरदार असे होते. विद्यापीठांनी आणि सरकारी संग्रहालयांनी या वस्तूंकडे लक्ष दिले ते पुष्कळ उशिरा आणि तेही अपुरेच. या विखुरलेल्या हौसेला शिस्त लावण्याचे श्रेय १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेस द्यावे लागते. ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकेल किनिअर आणि मुंबईचे सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले, सभासदांचे श्रवणाचे कार्यक्रम केले आणि कलावंतांच्या तबकड्यांच्या सूची प्रसिद्ध केल्या. किनिअर यांनी कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांचा जो सूचिग्रंथ सिद्ध केला तो १९९४ मध्ये मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाने काढला. सूचीचे काम रूक्ष असते आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. तथापि अ‍ॅक्वर्थ-शाळिग्राम यांनी शब्दांसाठी जे केले त्याच्या तोडीचे ध्वनीसाठीचे काम कोणते असा प्रश्न विचारल्यास बोट या सूचींकडेच दाखवावे लागेल.

अशी सूची कशी तयार होते हे समजण्यासाठी एक तबकडी जवळून पाहणे उपयुक्त ठरते. लेबलावर पंखांच्या बाळाचे, म्हणजे तबकडीवर लेखणीने रेघ काढणाऱ्या देवदूताचे चित्र असेल तर ती बहुधा पहिल्या महायुद्धाआधीची. कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा भारतीय लेबलांवर नेहमीचा झाला तो त्या युद्धाच्या सुमारास. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीची एकच बाजू मुद्रित असेल तर तिचा काळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मागे नेता येतो. लेबलावरचा क्रमांक हा विक्रीचा, यादीतला क्रमांक होय. लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्टीत तिरप्या उजेडात दिसणारा कोरीव आकडा हा मात्र मूळ मेणाचा, म्हणजे मॅट्रिक्सचा क्रमांक असतो आणि त्याला जोडलेल्या अक्षरावरून मुद्रण करणारा तंत्रज्ञ आणि तबकडीचा आकार ओळखता येतो. लागोपाठच्या क्रमांकांच्या तबकड्या एकत्र आल्या की एखाद्या दिवशी, एखाद्या शहरात कोण कोण त्या कर्ण्यापुढे उभे राहिले हे उलगडू लागते. त्यापुढची पायरी वेगाची. प्रारंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित होत नसत. त्या सरसकट त्या वेगाने वाजवल्या तर गायकाचा स्वर चढतो किंवा उतरतो. साथीला पेटी असेल तर जाणकार तिच्या स्वरावरून, गायक काळी चारमध्ये गात होता की पांढरी पाचमध्ये याचा अंदाज बांधून वेग ठरवतात. ही काळजी न घेता केलेल्या संगणकीय प्रती आज सर्वत्र पसरल्या आहेत आणि त्या ऐकून एखाद्या गायिकेच्या आवाजाच्या पट्टीविषयी मते बनवली जातात, ही बाब चिंताजनक आहे.

तबकडीच्या घडणीतूनच संग्राहकापुढे आणखी एक कोडे उभे राहते. लाखेच्या मिश्रणात दगडाची भुकटी मुद्दाम घातलेली असे, जेणेकरून पोलादी सुईचे टोक घासून रेघेच्या आकाराचे व्हावे. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याची सूचना असे आणि ती पाळली न गेल्यास तबकडीच खरवडली जाई. लोकांनी ज्या गाण्यावर जीव टाकला त्याच्या तबकड्या खरखरीने भरलेल्या सापडतात आणि जे गाणे कोणी ऐकले नाही ते स्वच्छ टिकते. केवळ निर्दोष आवाजाच्या मागे लागणारा संग्राहक त्यामुळे नकळत न खपलेल्या मालाचा संग्राहक बनू शकतो.

तबकडीने परंपरा जपली असे म्हणताना तिने परंपरा बदललीही, हे मान्य करावे लागते. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर होनाजी बाळ यांची ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी आज कोट्यवधी मराठी लोकांच्या कानात आहे ती व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटासाठी वसंत देसाई यांनी बांधलेल्या आणि लता मंगेशकर व पंडितराव नगरकर यांनी गायलेल्या चालीत. ती चाल सुंदर आहे यात वाद नाही; पण ती होनाजीच्या काळची म्हणून पुरावा देता येणार नाही, आणि या ध्वनिमुद्रिकेपूर्वी गावोगावी ही भूपाळी ज्या निरनिराळ्या तऱ्हांनी म्हटली जात असेल त्या तऱ्हा एका लोकप्रिय तबकडीपुढे मागे पडल्या असणार हे उघड आहे. १९७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त निघालेली, हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीताची ‘शिवकल्याण राजा’ ही दीर्घ वादनाची तबकडी ऐतिहासिक गीतांचा उत्तम संग्रह आहे; तथापि तिला पारंपरिक गायनाचा नमुना समजणे इतिहासाला धरून होणार नाही. संग्राहकाचे कौशल्य हा भेद राखण्यात आहे आणि दुर्दैवाने दुर्मीळतेच्या हव्यासात तोच पहिल्यांदा पुसला जातो.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, तर गीत आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे जुन्या तबकड्यांपैकी बहुसंख्य आवाज आता सर्वांचे झाले आहेत, जरी शब्दांच्या बाबतीत प्रत्येक वेळी खातरजमा करावी लागते. ज्यांच्या घरी अशा तबकड्या अजून असतील त्यांनी त्या आडव्या रचून न ठेवता उभ्या ठेवाव्यात, पावसाळ्यात बुरशी धरल्यास मऊ ओलसर फडक्याने लेबल वाचवून पुसाव्यात आणि स्पिरिट चुकूनही लावू नये, कारण लाख स्पिरिटात विरघळते. भंगारवाल्याला काही द्यायचेच झाल्यास त्याआधी दोन्ही क्रमांक, गायकाचे नाव आणि गाण्याचा प्रकार वहीत उतरवून घ्यावा, कागदी पाकीट आणि पदांची छापील पुस्तिका वेगळी काढावी आणि ती नोंद एखाद्या संग्राहकाकडे किंवा संस्थेकडे पोहोचवावी.