एअर फिल्टर (धुऊन पुन्हा वापरण्याचा)

इंजिनात जाणाऱ्या हवेतील धूळ अडवणारा, टाकून न देता स्वच्छ करून पुन्हा बसवता येणारा गाळक. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे 9,000 लिटर हवा लागते. तिच्यातील वाळूचे बारीक कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ते आत शिरले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजतात, इंजिन ऑइल खाऊ लागते व निळसर धूर सोडते.

धुळीचा प्रश्न : उदाहरणार्थ, सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असून उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. शहराच्या दक्षिणेस वाढलेल्या जुळे सोलापुरात बांधकामे आणि रस्त्याकडेची सुटी माती यांची धूळ असते. गळीत हंगामात होटगी रोडच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांनी ती आणखी उडते. अशा भागात गाडीच्या पुस्तिकेतील किलोमीटरची वाट न पाहता फिल्टर आधीच उघडून पाहावा.

प्रकार व स्वच्छता : (1) फोम : अनेक मोटारसायकलींत असतो. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवावा. पिळू नये, फाटतो. पेट्रोल वापरू नये. आगीचा धोका असतो आणि सांध्याचा गोंदही सुटतो. सावलीत पूर्ण वाळवून फिल्टर ऑइल लावावे व जादा ऑइल दाबून काढावे.

(2) सुती जाळीचा : कॅलिफोर्नियातील केअँडएन कंपनीमुळे (स्थापना 1969) प्रसिद्ध. क्लीनर लावून हलक्या धारेने आतून बाहेर धुवावा, म्हणजे मळ कापडात रुतत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारू नये. वाळल्यावर ऑइल बेताने द्यावे. जास्त झाल्यास कारचा हवा मोजणारा सेन्सर बिघडू शकतो.

(3) ऑइल बाथ : जुन्या ट्रॅक्टरांत आढळतो. आत येणारी हवा वाटीतील ऑइलवर आदळून वळते; जड धूळ ऑइलमध्ये बसते, उरलेली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. वाटीतला गाळ काढून ऑइल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास ऑइल इंजिनात ओढले जाऊन डिझेल इंजिन बेभान पळू शकते.

बऱ्याच स्कूटर-मोटारसायकलींत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो धुण्याचा किंवा हवा मारण्याचा नव्हे, बदलण्याचाच आहे.

बसवण्यापूर्वी : फिल्टरची पेटी ओल्या कापडाने पुसावी. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवावे. बोटाला कचकच लागली तर धूळ फिल्टर चुकवून आत जात आहे, असे समजावे. मग रबरी कड, क्लिपा आणि फिल्टरवरील चिरा तपासाव्यात.

फिल्टर काढलेला असताना इंजिन सुरू करू नये. वारंवार धुणेही हिताचे नाही, कारण प्रत्येक वेळी धूळ आत पडण्याची भीती असते. कड सुटलेला, फाटलेला किंवा भुगा होऊ लागलेला फोम कितीही स्वच्छ दिसला तरी बदलावा. नव्या फिल्टरचा खर्च इंजिनाच्या कामापुढे किरकोळ आहे.