व्हांतूचं ऊन, १९६७

१३ जुलै १९६७. दक्षिण फ्रान्समधल्या मों व्हांतूवर, माथ्याच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात. झाडं केव्हाच खाली राहिली. इथे नुसते पांढरे चुनखडीचे दगड, त्यामुळे ऊन वरून भाजतं आणि खालूनही. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा तेरावा टप्पा आहे, मार्सेय ते कार्पांत्रा. तुम्ही वाट बघताय ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनची.

तो येईपर्यंत जरा मागे जाऊन या. १९५९. ब्रिटनीतल्या सँ-ब्रिय गावात इंग्लंडहून एक एकवीस वर्षांचा पोरगा येऊन दाखल झालाय. बाप कोळशाच्या खाणीतला, पोराच्या गाठीला जेमतेम शंभर पौंड. तीन वर्षांत, १९६२ साली, तूरमध्ये आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर दिसते. एकाच दिवसापुरती, पण त्याआधी ती कुठल्याही ब्रिटिशाला मिळाली नव्हती. १९६५ साली सान सेबास्तियनला अंतिम रेषेपाशी उभे राहा: जर्मनीच्या रुडी आल्टिगला मागे टाकून टॉम जगज्जेता होतो.

आता परत व्हांतूवर या. टॉम एकोणतीस वर्षांचा आहे. पोट बिघडलंय, अंगात त्राण नाही. पण तूरमध्ये वरचा नंबर लागला तरच पुढचे करार बरे मिळणार.

तो बघा, आला. सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जातेय. तुमच्यासमोरच तो कोलमडतो. ब्रिटिश संघाचा मेकॅनिक हॅरी हॉल गाडीतून उतरून धावत येतो, ‘आता पुरे’ म्हणून समजावतो. टॉम ऐकत नाही. त्याला पॅडलवरचे पायाचे पट्टे आवळून हवेत. ‘मला पुन्हा सायकलवर बसवा’ हे त्याचं म्हणून गाजलेलं वाक्य तुमच्या कानावर पडणार नाही; ते नंतर एका पत्रकाराने रचलं.

थोडं पुढे जाऊन तो पुन्हा पडतो. हँडलवरची बोटं इतकी घट्ट आवळलीत की ती एकेक करून सोडवावी लागतात. तूरचे डॉक्टर पियेर द्यूमा तोंडाने श्वास देतात, ऑक्सिजन लावतात. हेलिकॉप्टर त्याला आविन्योंला नेतं. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी तो मृत घोषित होतो.

जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या तीन नळ्या सापडतात. दोन रिकाम्या, एक अर्धी. शवविच्छेदनात अँफेटामीन आणि दारूचे अंश निघतात. गोळीने थकवा जाणवेनासा होतो, उन्हाने तापलेलं शरीर थांबायला सांगतं तेही कळत नाही. त्यात संघाच्या गाडीतून किती पाणी घ्यायचं यावर नियमाने मर्यादा, म्हणून वाटेतल्या कॅफेंत घुसून हाती लागेल ती बाटली उचलायची रीतच पडलेली.

गोळ्यांची गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. उत्तेजकांविरुद्धचा कायदा फ्रान्सने १९६५ मध्येच केला होता. पुढच्याच वर्षी तूरमध्ये तपासणी झाली, तेव्हा सायकलपटूंनी रस्त्यात उतरून निषेध केला होता. नियमित तपासणी सुरू झाली ती टॉम गेल्यावर, १९६८ साली.

गोळ्या त्याने स्वतः घेतल्या, तो दोष त्याच्या पदरी घालावाच लागेल. पण पाणी मोजून देणारे आणि नळ्यांकडे काणाडोळा करणारे त्या दिवशी त्याच रस्त्यावर होते. टॉम शूर होता यात वाद नाही. त्याच्या मरणाला मात्र शौर्य म्हणू नका.