बुटाची पट्टी आणि हद्दीचे दगड

"बूटच होत नाही. फॉरमॅट मारावा लागेल. डेटा गेला समजा."

दुकानातून परत आणलेला संगणक टेबलावर ठेवत काकांनी तिथं ऐकलेली तिन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. काका निवृत्त तलाठी. अकरा वर्षं खपून त्यांनी गावातल्या कुळांच्या वंशावळी त्या यंत्रात टाइप केल्या होत्या. नवी विंडोज टाकायला बसलेल्या कुणीतरी जुनी पार्टिशनं पुसली आणि मग घाबरून हात आखडता घेतला. आता पडद्यावर एकच ओळ येत होती, की बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"बूट म्हणजे काय रे? पायातला?" काकांनी विचारलं.

"हो काका. पायातलाच."

उंच बूट पायात चढवताना ओढायला वरच्या काठाशी चामड्याची पट्टी असते. तिला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. १९ व्या शतकातल्या अमेरिकेत 'आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला उचलणं' हा अशक्य गोष्टीचा दाखला होता. आपल्याकडच्या तर्कग्रंथांतही असाच दाखला आहे: नट कितीही तयारीचा असला, तरी स्वतःच्याच खांद्यावर त्याला चढता येत नाही. पुढं इंग्रजीत अर्थ पालटला आणि कुणाच्या आधाराविना वर येण्याला हे शब्द वापरले जाऊ लागले.

संगणक घडवणाऱ्यांपुढं नेमकं हेच कोडं होतं. यंत्राला काहीही करायचं तर मेमरीत प्रोग्रॅम हवा. तो बाहेरून मेमरीत आणायचा तर आणणारा दुसरा प्रोग्रॅम आधी मेमरीत हवा. मग त्या पहिल्याला कोण आणणार?

आयबीएमनं १९५२ मध्ये जाहीर केलेल्या ७०१ या संगणकावर 'लोड' नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र छिद्रं पाडलेल्या कार्डावरून, चुंबकीय फितीवरून किंवा ड्रमवरून फक्त एक शब्द उचलायचं. यंत्राच्या भाषेतला शब्द, ३६ बिटांचा. त्यात दोन आज्ञा मावत. त्या आज्ञा पुढचे शब्द वाचायच्या, ते शब्द आणखी पुढचे, आणि असं करत पूर्ण प्रोग्रॅम मेमरीत उभा राहायचा. १९५३ मध्ये या यंत्राची रचना सांगताना या युक्तीला 'बूटस्ट्रॅप' म्हटलं गेलं. अशक्यतेचा दाखला असा तंत्राचं नाव झाला, आणि पुढं बोलण्यात घासून नुसता 'बूट' उरला.

सगळ्याच यंत्रांना असं सोयीचं बटण नव्हतं. पीडीपी-८ सारख्या संगणकांच्या दर्शनी पट्टीवर खटक्यांची रांग असे. खटका वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. एकेक आज्ञा अशी बोटांनी मेमरीत चढवावी लागे. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या घरगुती संगणकावरही हेच करावं लागे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी बेसिक भाषा लिहिली. ती दाखवायला ॲलन विमानानं आल्बुकर्कला निघाले, आणि वाटेत त्यांच्या लक्षात आलं की कागदी फितीवरची बेसिक यंत्रात आणणारा छोटा लोडर लिहायचाच राहिला आहे. तो त्यांनी विमानातच लिहून काढला. मोठं काम हातात होतं, पण दार उघडणारे मोजके आकडे नव्हते. संगणकाच्या दुरुस्तीत हा प्रसंग निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतो.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी आला तेव्हा ते आकडे न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये कायमचे बसवलेले होते. या प्रोग्रॅमला बायोस म्हणतात. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीतून आलं. वीज आली की बायोस यंत्राची तपासणी करतो, डिस्कवरचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा, म्हणजे पहिला सेक्टर, उचलतो, मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर ठेवतो आणि त्याच्या हाती कारभार सोपवून मोकळा होतो. त्या तुकड्यात काय आहे हे त्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. हा पीसी घडवणाऱ्या संघातले डेव्हिड ब्रॅडली यांनी अडकलेलं यंत्र वीज न तोडता पुन्हा बूट करण्यासाठी तीन कळा ठरवल्या: कंट्रोल, आल्ट आणि डिलीट. मुळात ही सोय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी होती.

मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला आणि त्याच्यासोबत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क. तिच्यावर एकाहून अधिक कार्यप्रणाली शेजारी शेजारी नांदाव्यात म्हणून डिस्कची वाटणी करायची सोय डॉस २.० मध्ये आली. ही वाटणी नोंदवायची कुठं? त्याच पहिल्या सेक्टरमध्ये. त्याचे ४४६ बाइट प्रोग्रॅमला दिले, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन बाइट खुणेला. सोळाच्या पायावरच्या अंकांत ती खूण अशी: ५५ एए. बिटांत लिहिली तर प्रत्येक बाइटात एक आणि शून्य आळीपाळीनं येतात. चौसष्ट बाइटांत सोळा-सोळा बाइटांच्या चार ओळी. म्हणून मुख्य पार्टिशनं चारच. पुढची तीस वर्षं जगभरातल्या पीसींच्या डिस्का या चार ओळींच्या आधारानं उभ्या होत्या.

काकांच्या यंत्रावर विंडोज ७ होती. तिनं स्वतः वाटणी केली की तक्त्याची पहिली ओळ, त्याच सोळाच्या पायावरच्या अंकांत, बहुधा अशी दिसते:

८० २० २१ ०० ०७ डीएफ १३ ०सी ०० ०८ ०० ०० ०० २० ०३ ००

पहिला आकडा ८० म्हणजे 'बूट इथून करा'. पाचवा ०७ म्हणजे या भागावर एनटीएफएस ही फाइली मांडायची पद्धत आहे. शेवटच्या आठ बाइटांत जमिनीचा हिशेब: आधी सुरुवात, मग लांबी, दोन्ही उलट्या क्रमानं लिहिलेले. उलगडले तर सुरुवात २०४८ व्या सेक्टरला आणि लांबी २,०४,८०० सेक्टर, म्हणजे १०० मेगाबाइट. दोन्हींची बेरीज २,०६,८४८. तिथून काकांचा सी ड्राइव्ह सुरू.

मी ही ओळ कागदावर मांडून दाखवली. काकांनी चष्मा सारखा केला आणि गट नंबर वाचावा तशी ती बोटानं वाचली. मग म्हणाले, "अरे, हा तर सातबारा आहे. उतारा फाटला म्हणून जमीन कुठं जाते?"

जमीन जात नाही. 'फॉरमॅट मारावा लागेल' हे वाक्य ऐकणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं. पार्टिशन पुसलं जातं तेव्हा बहुतेक वेळा या ६४ बाइटांतल्या एक-दोन ओळी शून्य होतात. लेखन, फोटो, हिशेब, सगळं जिथल्या तिथं असतं. हरवलेला असतो तो त्यांच्याकडे नेणारा उतारा.

बूट होताना कारभार एका हातातून दुसऱ्या हातात जातो. बायोस पहिला सेक्टर उचलतो. त्यातला प्रोग्रॅम तक्त्यात ८० ची ओळ शोधतो, त्या भागाचा पहिला सेक्टर उचलतो, आणि तो सेक्टर पुढं विंडोजचा लोडर शोधतो. त्यामुळं पडद्यावर येणारा निरोप कुणाचा आहे हे ओळखलं की साखळी कुठं तुटली ते समजतं. 'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल' असं पहिला सेक्टर सांगतो, कारण त्याला तक्ता पटलेला नाही. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' हाही त्याचाच निरोप: तक्ता वाचला, सांगितलेल्या जागी गेलो, पण तिथल्या सेक्टरच्या शेवटी ५५ एए नाही. 'बूटमॅनेजर इज मिसिंग' आलं तर पहिले दोन्ही टप्पे शाबूत आहेत आणि अडचण एका फाइलपुरती आहे. लिनक्सच्या जुन्या लिलो या लोडरनं तर टप्प्यागणिक स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर उमटवायची रीत पाडली होती. पडद्यावर 'एल आय' इतकंच उमटून यंत्र थांबलं, तर तुटलेला टप्पा त्या दोन अक्षरांवरून कळायचा.

एवढ्याशा जागेत एवढी सत्ता म्हटल्यावर तिथं घुसखोरी झालीच. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंचा ब्रेन हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसला. १९९० मध्ये भारतात 'जोशी' सापडला. ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला सांगायचा. टाइप केलं की वाट मोकळी. यातले बरेच विषाणू मूळ सेक्टर पुसून टाकत नसत. तो दुसरीकडं जपून ठेवत, कारण यंत्र बूटच झालं नाही तर त्यांचा प्रसार कसा होणार? मूळ प्रत डिस्कवरच असायची, ती कुठं आहे हे शोधणाऱ्याला ठाऊक असावं लागे. पुण्यात आधी कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांचं क्विक हील हे अँटिव्हायरस याच काळात, १९९० च्या दशकात उभं राहिलं.

त्या काळात जाणकारांच्या तोंडी एक उपाय होता: 'एफडिस्क' या आज्ञेला 'एमबीआर' जोडून चालवायची. ती सहसा ४४६ बाइटांचा प्रोग्रॅम नव्यानं लिहायची आणि तक्त्याला हात लावायची नाही. पण 'मंकी' नावाचा विषाणू तक्त्यासकट पहिला सेक्टर सांकेतिक रूपात दुसरीकडं लपवायचा. तिथं ही आज्ञा चालवली की विषाणू जायचा आणि जमिनीचा पत्ताही जायचा. आधी पाहा, मग लिहा, हा दुरुस्तीतला पहिला नियम अशा फटक्यांतूनच शिकला गेला.

मग पुसलेला तक्ता परत कसा मिळवायचा? काकांच्या भाषेत सांगायचं तर पुन्हा मोजणी करून. उतारा नसला तरी हद्दीचे दगड शेतातच असतात. एनटीएफएस भागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये चौथ्या बाइटपासून 'एनटीएफएस' ही अक्षरंच लिहिलेली असतात, पुढं त्या भागाची लांबीही असते, आणि याच सेक्टरची दुसरी प्रत त्या भागाच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. फॅट-३२ मध्ये अशी प्रत सुरुवातीपासून सहाव्या सेक्टरवर असते. फ्रान्सचे क्रिस्तोफ ग्रेनिए १९९८ पासून टेस्टडिस्क हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम लिहीत आले आहेत. तो डिस्कभर फिरून हेच दगड शोधतो आणि त्यावरून चार ओळींचा तक्ता पुन्हा मांडतो.

त्या रात्री आम्ही घाई केली नाही. काकांची डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, आणि आधी सेक्टरमागून सेक्टर तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली. ५०० गिगाबाइट, कित्येक तास. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. टेस्टडिस्कमध्ये 'ॲनलाइझ', मग 'क्विक सर्च'. थोड्या वेळात पडद्यावर दोन हिरव्या ओळी आल्या, त्यातली दुसरी २,०६,८४८ ला सुरू होणारी. 'पी' ही कळ दाबली की त्या भागातल्या फाइलींची यादी दिसते, आणि तोवर डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. यादीत 'वंशावळी' नावाचा फोल्डर होता.

"हाच," काका म्हणाले. त्यांचा आवाज बदललेला होता.

मग 'राइट'. अकरा वर्षांचं काम परत आणायला फक्त दोन ओळी, ३२ बाइट, पुन्हा लिहावे लागले.

हे नेहमीच इतकं सरळ होत नाही. डिस्क आतून टकटक आवाज करत असेल तर ती ताबडतोब बंद करावी, प्रत्येक मिनिट नुकसान वाढवतं. एसएसडीवर फॉरमॅट मारला की रिकाम्या झालेल्या जागा साफ करायची सूचना डिस्कला दिली जाते, आणि मग परत मिळण्यासारखं फारसं उरत नाही. पुसलेल्या जागेवर नवी विंडोज टाकली तर दगडही उखडले जातात. म्हणून नवीन काही लिहू नका, हेच पहिलं आणि शेवटचं सांगणं.

१९८३ चा तक्ता शेवटी स्वतःच्या मापामुळं थकला. त्यातल्या ३२ बिटांच्या आकड्यात सुमारे २.२ टेराबाइटपलीकडचा पत्ता मावत नव्हता. इंटेलनं १९९० च्या दशकात सुरू केलेलं आणि २००५ पासून यूईएफआय म्हणून पुढं आलेलं, बायोसच्या जागचं नवं फर्मवेअर जीपीटी हा नवा तक्ता वापरतं. त्यात नेहमीच्या मांडणीत १२८ ओळी आहेत, बिघाड ओळखायला चेकसम आहे, आणि मुख्य म्हणजे पूर्ण तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी टोकाला आहे. पहिला सेक्टरही रिकामा सोडलेला नाही. जुन्या प्रोग्रॅमांनी डिस्क मोकळी समजून वाटणी करू नये म्हणून तिथं जुन्या पद्धतीची एक ओळ राखणीला बसवली आहे. उतारा एकाच ठिकाणी ठेवू नये, हा धडा आता तक्त्याच्या घडणीतच उतरला आहे.

संगणक सुरू झाल्यावर काकांनी वंशावळींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि एक मुलाकडं पाठवली. मग कपाटातून जमिनीच्या कागदांची फाइल काढली, सातबाऱ्याच्या मागं एक कोरा कागद लावला आणि तलाठ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं: सुरुवात २०४८, लांबी २,०४,८००. सुरुवात २,०६,८४८. दुसरी लांबी त्यांनी मला विचारून लिहिली आणि खाली तारीख टाकून सही केली.