सी भाषेतल्या काही ओळींचा मालक कोण? जीआयएफ ते पीएनजी : १९८३ ते २००४

१९९४ चा डिसेंबर संपता संपता कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवेने एक सूचना प्रसिद्ध केली. जीआयएफ चित्रे हाताळणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यापुढे युनिसिस कंपनीच्या पेटंटचा परवाना घ्यावा, असा तिचा आशय होता. तोवर साडेसात वर्षे हे स्वरूप जगभर मुक्तपणे वापरले जात होते. वाद चित्रांचा नव्हताच. वाद होता तो चित्राची फाइल लहान करण्याच्या आणि ती पुन्हा उलगडण्याच्या एका गणिती रीतीचा, जी सी भाषेत काहीशे ओळींत लिहून होत असे.

या रीतीचे मूळ इस्राएलमधील हैफा येथे आहे. टेक्निऑन या संस्थेतील जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये माहिती लहान करण्याच्या दोन रीती मांडल्या. पुढे स्पेरी कंपनीत काम करणाऱ्या टेरी वेल्च यांनी दुसरीत सुधारणा केली. २० जून १९८३ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल झाला आणि जून १९८४ मध्ये वेल्च यांचा लेख ‘कॉम्प्युटर’ या नियतकालिकात आला. तिघांच्या आद्याक्षरांवरून या रीतीला एलझेडडब्ल्यू म्हणतात.

ती चालते कशी? ‘कटकटकट’ ही सहा अक्षरे घ्या. आरंभीच्या कोशात दोनच नोंदी आहेत : क म्हणजे १, ट म्हणजे २. प्रोग्राम पहिल्या क साठी १ लिहितो आणि ‘कट’ या नव्या जोडीला ३ क्रमांक देतो. मग ट साठी २ लिहून ‘टक’ला ४ देतो. पुढची ‘कट’ ही जोडी कोशात आहेच, म्हणून ३. शेवटच्या जोडीसाठीही ३. सहा अक्षरे १, २, ३, ३ या चार अंकांत बसली. खरी गंमत उलगडण्यात आहे. कोश फाइलसोबत पाठवावाच लागत नाही. अंक वाचता वाचता उलगडणारा प्रोग्राम तोच कोश पुन्हा स्वतः रचतो. चित्रात एकाच रंगाचे सलग पट्टे असतात, तिथे ही रीत फार फळते.

मंदगती मोडेमच्या त्या काळात कॉम्प्युसर्व्हला हेच हवे होते. स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने घडवलेले जीआयएफ १५ जून १९८७ रोजी जाहीर झाले. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि आत एलझेडडब्ल्यू.

ही कथा सहसा लोभी कंपनी विरुद्ध भोळे प्रोग्रामर अशी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. पेटंट १० डिसेंबर १९८५ रोजी मंजूर झाले होते, म्हणजे जीआयएफच्या दीड वर्ष आधी, आणि ते कोणालाही वाचता येत होते. १९८६ मध्ये स्पेरी आणि बरोज यांच्या विलीनीकरणातून युनिसिस जन्मली आणि पेटंट तिच्याकडे गेले. कायदा तिच्या बाजूने होता. लोक संतापले ते स्वरूप सर्वत्र रुजून गेल्यावर मागणी आली म्हणून, आणि तो संताप अनाठायी म्हणता येणार नाही.

उत्तर आठवडाभरातच आले. ४ जानेवारी १९९५ रोजी थॉमस बूटेल यांनी इंटरनेटवरील संगणकचित्रांच्या चर्चागटात नव्या स्वरूपाचा मसुदा मांडला. त्यातून पीएनजी घडले. १ ऑक्टोबर १९९६ रोजी डब्ल्यूथ्रीसीने त्याला मान्यता दिली. त्याच्या पोटात डिफ्लेट ही फिल कॅट्झ यांची रीत होती. ती झिव-लेम्पेल यांच्या १९७७ च्या, म्हणजे पहिल्या, कल्पनेवर उभी होती आणि पेटंटच्या कक्षेबाहेर राहून लिहिता येत होती. सी भाषेतील झेडलिब या मुक्त ग्रंथालयाने ती सर्वांच्या हाती दिली. त्यातील लहान करण्याचा भाग झाँ-लू गेयी यांचा आणि उलगडण्याचा मार्क अॅडलर यांचा. (हेच अॅडलर पुढे नासाच्या ‘स्पिरिट’ या मंगळगाडीच्या मोहिमेचे एक व्यवस्थापक झाले.)

काहींनी मात्र जीआयएफ न सोडता पळवाट काढली. लिबअनगिफ हे ग्रंथालय कोश वाढूच देत नसे. प्रत्येक बिंदूसाठी वेगळा अंक लिही आणि अधूनमधून कोश पुसून टाकी. अशी फाइल कोणताही जुना प्रोग्राम बिनतक्रार उघडत असे. फक्त २५६ रंगांच्या चित्रात ८ बिटांच्या बिंदूला ९ बिट लागत, म्हणजे लहान होण्याऐवजी फाइल मोठीच होई! पेटंटपासून वाचण्यासाठी प्रोग्रामर जाणूनबुजून वाईट काम करणारा प्रोग्राम लिहीत होते, यातच त्या काळाची विसंगती दिसते.

५ नोव्हेंबर १९९९ हा ‘सर्व जीआयएफ जाळा’ दिन म्हणून जाहीर झाला. गाजावाजा झाला, पण जीआयएफ टिकले, कारण त्यातली चित्रे हलत आणि पीएनजीच्या मूळ रचनेत हलत्या चित्रांना जागाच नव्हती. बूटेल यांच्याच जीडी या चित्र-ग्रंथालयाने १९९९ मध्ये जीआयएफ लिहिण्याची सोय काढून पीएनजीची दिली होती. अमेरिकेतील पेटंट २० जून २००३ रोजी संपले, युरोपातील चार देशांत आणि जपानमध्ये जून २००४ मध्ये, कॅनडात ७ जुलै २००४ रोजी. त्याच महिन्यात जीडीच्या नव्या आवृत्तीत जीआयएफ परत आले.