घारापुरीचा थांबा

वर्ध्याजवळील आंजी (मोठी) येथील कपाशीची काळी जमीन दक्खनच्या ज्या पाषाणथरांच्या झिजेतून सिद्ध झाली, ते थर सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे होत; आणि त्याच कुळातील पाषाण मुंबई बंदराच्या पाण्यातून दोन टेकड्यांच्या रूपाने वर आला आहे, त्यास घारापुरी म्हणतात. त्यामुळे वर्ध्याहून निघून अपोलो बंदरावर लाँचीत बसणारा प्रवासी जे बेट पाहावयास जातो, ते त्याच्या विहिरीच्या तळाशी लागणाऱ्या काळ्या खडकाचेच आहे.

या खडकात सहाव्या शतकाच्या सुमारास शिल्पकारांनी सुमारे 39 मीटर खोलीचे शिवालय कोरले आणि त्याच्या अंतर्भागी साडेपाच मीटर उंचीची सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती घडविली. दगड बाहेरून आणून रचावयाचा नसून आतला काढून टाकावयाचा असल्याने, एकदा चुकीचा पडलेला घाव पुन्हा भरून निघणे शक्य नव्हते. यावरून या कामामागील पूर्वयोजना किती सूक्ष्म असेल याची कल्पना येते.

पुढे येथे थांबलेल्या दर्यावर्दींनी मात्र अशी दूरदृष्टी क्वचितच दाखविली. 1534 च्या वसईच्या तहान्वये हा मुलूख पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेला. बंदराजवळचा पाषाणाचा हत्ती पाहून त्यांनी बेटास एलिफंटा हे नाव दिले, आणि लेण्यावरील शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला, जो त्यानंतर कोणाच्या दृष्टीस पडला नाही. लेणे कोणी व केव्हा कोरविले याचा जो एकमेव लेखी पुरावा होता, तो अशा रीतीने नाहीसा झाला. इंग्रजी अमदानीत, 1864 मध्ये, तो हत्ती विलायतेस नेण्याची तजवीज करताना यारी मोडून त्याचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते जोडून मुंबईच्या व्हिक्टोरिया उद्यानात तो उभा करण्यात आला, व आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या सन्मानार्थ प्रत्यक्ष देवालयातच मेजवानीचा थाट मांडला गेला.

या सर्व काळात शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या तीन वस्त्यांतील रयत तेथेच नांदत होती. 1987 मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, लाँची भरभरून प्रवासी येऊ लागले. तरी समुद्रतळातून तारा टाकून गावांत कायमची वीज पोहोचावयास 2018 साल उजाडावे लागले. सायंकाळच्या शेवटच्या लाँचीने परतणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्या मागे राहणारा अंधार दिसण्याचे कारणच नव्हते.

कोरियाच्या दक्षिणेकडील जेजू या ज्वालामुखीजन्य बेटाचा अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. 1653 मध्ये तेथे फुटलेल्या डच जहाजावरील हेंड्रिक हामेल व त्याचे सोबती तेरा वर्षे कोरियात अडकून पडले, आणि त्या सक्तीच्या मुक्कामातून युरोपला कोरियाची पहिली तपशीलवार हकीकत लाभली. आज तेथे लागणाऱ्या आरामनौकांतील प्रवासी काही तासांत हालासान पर्वत व श्वास रोखून समुद्रतळाचे धन वेचणाऱ्या पाणबुड्या स्त्रिया यांचे दर्शन घेऊन निघून जातात. आणि ज्या गांगजोंग गावी त्यांच्यासाठी व आरमारासाठी बंदर बांधले गेले, त्या गावाने त्यास दीर्घकाळ विरोध केला होता.

म्हणून बेटावरील थांब्याचा बंदोबस्त म्हणजे भरती-ओहोटीचे गणित, धक्क्याची लांबी व तिकिटाचा दर एवढ्यावर भागणारा कारभार नव्हे. किती माणसे एका वेळी उतरावी, त्यांच्या येण्याने गावास कोणते पाणी, कोणता प्रकाश व कोणते उत्पन्न मिळावे, आणि कोणती वस्तू कोणत्याही किमतीत हलवू नये, हे बेटकऱ्यांच्या संमतीने आधी ठरले पाहिजे. हरवलेला शिलालेख परत येणार नाही. पण पुढील प्रत्येक जहाजाच्या नियोजनात या प्रश्नांना पहिले स्थान देणे अद्याप आपल्या हाती आहे.