एक पोथी, अनेक हात



शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर आता संगणकावर सिद्ध होतो. पांढुर्ण्यात एक शिक्षक लिहितो, सौसरला बसलेला माजी विद्यार्थी तोच लेख उघडून एखादे वाक्य गाळतो, आणि कोणी काय बदलले याची नोंद यंत्र ठेवते. या नोंदीचे मोल, ज्यांच्यापाशी यंत्र नव्हते त्यांच्याकडून समजून घ्यावे.

१९५६ साली नागपूर आपल्यापासून तुटले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरातली ज्ञानेश्वरी मात्र राहिली. तिच्यामागे नाथांचा हात आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. उपकार थोर. तथापि त्यांनी कोणते पाठ कोणत्या कारणाने गाळले, याची टिपणे मागे उरली नाहीत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत निराळा मार्ग धरला. काम १९१९ मध्ये आरंभले; १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. उभ्या-आडव्या रेघांच्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित श्लोक ठळक अक्षरांत लिहावयाचा. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि जेथे पाठ निराळा तेथे त्या अक्षराखालीच तो नोंदवावयाचा. उजवीकडे शेऱ्यांचा रकाना. लांबलचक भर असेल तर वेगळे शोधपत्र जोडावयाचे. पुन्हा अनुभवी माणसाने सारे तपासावयाचे. हे काम शास्त्री आणि पदवीधर शेजारी बसून करीत. (त्यांची नावे आपण कितीशी घेतो?) शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पोथ्या ताडल्या गेल्या, सभापर्व तर अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले.

१९४३ मध्ये सुकथनकर वारले, तेव्हा त्यांची स्वतःची आदि आणि आरण्यक ही दोनच पर्वे पुरी झाली होती. पण नोंदी शाबूत होत्या, म्हणून बेलवलकर आणि नंतर वैद्य यांना काम पुढे नेता आले. १९६६ मध्ये ते सिद्धीस गेले. एकूण १२५९ हस्तलिखिते अभ्यासिली गेली होती. नाकारलेले पाठ टाकून दिले नाहीत, ते तळटिपांत आणि परिशिष्टांत छापले. स्वीकारलेल्या ज्या शब्दाविषयी पुरती खात्री नव्हती, त्याखाली नागमोडी रेघ ओढली. अशा रेघा सुकथनकरांच्या आदिपर्वात पानोपानी दिसतात.