वर नेणारी नव्हे, पडू न देणारी

बंगला बांधताना जिना डौलदार हवा असतो. वीस वर्षांनी त्याच जिन्यापाशी गुडघे अडतात, घरात लिफ्टचा विषय निघतो आणि विक्रेता चार प्रकार पुढे ठेवतो: दोराची, स्क्रूची, हायड्रॉलिक आणि हवेची. माणूस रंग आणि काच बघत बसतो. बघावं ते त्यांचं कूळ.

लिफ्टनं घरात पाऊल ठेवलं ते राजवाड्यातून. १७४३ मध्ये व्हर्सायला पंधराव्या लुईच्या महालात दोराची खुर्ची बसली. तिचा हिशेब तराजूचा: वजनाचं पारडं खाली, खुर्ची वर. दोराच्या लिफ्टमध्ये आजही हेच वजन असतं, म्हणून मोटरला फक्त फरकाचा भार उचलावा लागतो. पण दोर तुटला तर? उत्तर एलिशा ओटिसनं १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दिलं. लिफ्टच्या फळीवर उभं राहून त्यानं दोर कापायला लावला. ताण सुटताच स्प्रिंग बाजूच्या दात्यांत अडकली आणि फळी थांबली. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या पाच मजली दुकानात त्याची लिफ्ट माणसं नेऊ लागली.

स्क्रूच्या लिफ्टचा पूर्वज सेंट पीटर्सबर्गचा. उतारवयातल्या सम्राज्ञी कॅथरीनसाठी इव्हान कुलिबिननं १७९३ मध्ये हिवाळी राजवाड्यात आट्यांवर चढणारी लिफ्ट केली. बारीक आट्यांवर नट आपोआप घसरत नाही. मोटर थांबली की केबिन जागीच राहते.

तिसरं कूळ पाण्याचं. लेओं एदूनं १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पाण्याच्या दाबावर माणसं वर नेली. आता पाण्याच्या जागी तेल आहे. केबिनचा भार छतावर न टांगता जमिनीवर येतो, म्हणून जुन्या घराला ही सोयीची. वीज गेली तर झडप उघडून केबिन सावकाश खाली आणता येते.

हवेची लिफ्ट सगळ्यांत धाकटी. केबिन नळीत असते; वरचा पंप केबिनच्या वरची हवा ओढतो, खालची हवा तिला वर ढकलते. हवा आत सोडली की केबिन उतरते. मात्र लहान नळीत व्हीलचेअर मावत नाही.

तेव्हा विक्रेत्याला आधी एकच विचारावं: भर पावसात वीज गेली आणि आई आत असली, तर काय होईल? ओटिसला दोर कापून दाखवावा लागला, तो अशाच प्रश्नासाठी.